साक्षीदार नंबर चार

मी पाण्यात बघत होतो, साहेब.
घमेल्यात ट्यूब दाबून धरलेली,
बुडबुडा कुठून येतो ते बघायचं असतं,
तेव्हा माणूस रस्त्याकडं बघत नसतो.

वकील म्हन्ले, म्हणजे तुम्ही काहीच पाहिलं नाही.
नाही.
मग इथं आलात कशाला?
ऐकलं म्हणून.

हिंगणी पाटीवर अठरा वर्षं माझं पंक्चरचं दुकान हाय.
एक बाभूळ, एक कंप्रेसर, बसायला ट्रकचं टायर.
निलंग्याकडून येणारी गाडी आधी कानात येते,
मग पुलावर,
मग डोळ्यात.
येताना आवाज बारीक असतो, ताणलेला,
अंगावरून गेला की एकदम जाड होऊन खाली बसतो.
जेवढा जास्त खाली बसेल तेवढी गाडी पळत असते.
हे मला कुणी शिकवलं नाही.

आणि आवाज मोठा म्हणून वेग मोठा, असंही नसतं.
फुटक्या सायलेन्सरचा टमटम तीसनं आला
तरी कोंबड्या उडतात.
नवी पांढरी गाडी शंभरनं जाते
आणि नुसती बाभळीची पानं हलतात.

चहावाल्या सरूबाईनं जमादाराला नव्वद सांगितलं.
जमादारानं इचारलं होतं, 'केरबाला कितीनं उडवलं?'
महिन्यानं विम्याचा माणूस आला, चहा घेतला,
सुट्टे राहू द्या म्हन्ला,
मग म्हन्ला, 'मावशी, धक्का लागला तेव्हा किती असंल?'
चाळीस, म्हन्ली सरूबाई.
दोन्ही वेळा ती खरंच बोलली, मी तिला ओळखतो.
पाचवीतला व्यंकट एकशेवीस म्हन्ला,
कारण त्याच्या मामाच्या गाडीच्या काट्यापुढं
शेवटचा आकडा तेवढाच हाय.
मुंजाजीतात्या म्हन्ले, वाऱ्यासारखी.
ते जमादारानं लिहून घेतलं नाही.
वारा किलोमीटरमध्ये बसत नाही.

मला म्हन्ले, आकडा सांगा.
म्हन्लो, आकडा नाही.
चौथा गियर होता. टेम्पो रिकामा होता,
मागच्या डाव्या चाकात हवा कमी.
आणि आवाज बदलला नाही.
पुलापासून केरबाच्या सायकलीपर्यंत एकच आवाज,
मशीननं शिवल्यासारखा सरळ.
पाय उचलला असता तर उतरला असता.
उतरला नाही, साहेब.

तेवढ्यात खिडकीबाहेर घरघर झाली.
वकील हसले: ही कितीनं गेली, बाशुमियां?
म्हन्लो, गेली नाही. उभी हाय.
कुणीतरी जागेवरच रेस करतंय.
शिपाई बघून आला. उभी होती.
अख्खं कोर्ट हसलं, जजसाहेबसुद्धा,
आणि मग सावकाश त्यांनी टायपिंगवाल्या बाईंना सांगितलं:
'साक्षीदारास वाहनाचा वेग सांगता येत नाही.'
तेही खरंच.
सही केली.

एक गोष्ट कुणी इचारली नाही म्हणून राहिली.
धाडकन झाल्यावर
केरबाच्या किटलीचं झाकण डांबरावर उभं फिरत होतं.
आधी सावकाश,
मग आडवं होत गेलं तसं भराभर वाजायला लागलं,
भराभर, भराभर,
आणि एकदम गप्प.
तोवर माझे हात पाण्यातच होते.

झाकण आता माझ्याकडं हाय, व्हॉल्व्हच्या पिना ठेवतो त्यात.
गिऱ्हाईक नसलं की पिना ओततो,
फरशीवर उभं करून फिरवतो.
जेवढं थांबायला येतं
तेवढं जोरात पळाल्यासारखं वाजतं.

परवा केरबाची बायको हवा भरायला आली.
तीच सायकल, रिम ठोकून सरळ केलेली.
झाकण फिरत होतं. ती ऐकत उभी राहिली.
गप्प झाल्यावर म्हन्ली, किती?
हवेचे इचारती असं समजून
म्हन्लो, राहू द्या.